चुंबकाच्या भरवशावर राहू नका
स्टीलची भांडी पारखण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, चुंबक चिकटला की भांडं हलक्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं. हे अर्धंच खरं. २०१, २०२ या ग्रेडच्या (स्टीलचा प्रकार सांगणारा आकडा) स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. मीठ-आंबट त्यात मुरत ठेवलं की बारीक तपकिरी ठिपके उठतात. ३०४ या ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, म्हणून ते जास्त तग धरतं. पण ३०४ची खोल वाटीसुद्धा दाबून घडवल्यामुळे काठाशी किंचित ओढ दाखवते. सुरीला तर चुंबक चिकटणारच! धारेसाठी ४२०सारखं कडक होणारं स्टील लागतं. दुकानदार खिशातून चुंबक काढतो तेव्हा मला हसूच येतं. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून मागा, मग त्याचा चेहरा बघा.