दारात स्कूटर आहे म्हणजे माणूस श्रीमंत?

पुण्याचे नातेवाईक मे महिन्यात आले की एक डायलॉग ठरलेला. "काय रे, घरात माणसं चार आणि गाड्या पण चार? मजा आहे बाबा तुमची गोवेकरांची." पाहुण्यांना काय बोलणार, हसून सोडून द्यायचं. पण आता आपलीच माणसं फेसबुकवर हेच लिहायला लागलीत, की लोकांच्या गरजा वाढल्या, हप्त्यावर चैन चाललीय, आमच्या वेळी आम्ही चालत जायचो वगैरे वगैरे. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी कांदोळीला हॉटेलात रिसेप्शनला आहे. घर डिचोली तालुक्यात, आत. शिफ्ट सुटते रात्री अकराला. आता अकराला तिला कुठली बस मिळणार सांगा. आतल्या गावात संध्याकाळ उलटली की प्रायव्हेट बसवाले पॅसेंजर कमी दिसले तर शेवटची ट्रिप सरळ गाळतात, कदंबची (सरकारी बस) आली तर आली, ओला उबर आपल्याकडे नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) दिवसा बाजारात ठीक आहेत पण रात्री एवढ्या लांब कोण येणार, आणि रोज टॅक्सी करायची तर पगार थेट टॅक्सीवाल्याच्याच हातात द्यावा लागेल. मग तिने लोन काढून स्कूटर घेतली. घराला अजून रंग नाही, पडवीचे पत्रे गळतात, पण दारात स्कूटर आहे. सीटखाली रेनकोट, हुकाला डबा, सुट्टीच्या दिवशी हँडलला बांगडे (मासे) भरलेली पिशवी, आणि मागे आई, म्हापशाला डॉक्टरकडे. मुंबईत लोकलचा पास असतो ना, तसं आहे ते. दादर स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्याने हीच स्कूटर घेतली तर म्हणा खुशाल हौस आहे म्हणून. इथे ती नसेल तर नोकरीच नाही.

आणि "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय, तुमच्या वेळी काम कुठे होतं? कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), शेतात, नाहीतर जवळच्या खाणीवर. आता काम गेलं किनाऱ्याला, कळंगुट कांदोळीला, नाहीतर पणजीला नाहीतर वेर्ण्याच्या कंपन्यांत, आणि घर राहिलं तिथेच. गरज वाढली नाही हो, काम लांब गेलं. रात्री साडेअकराची एक कदंब आमच्या बाजूला वर्षभर नियमित सोडा, मग हप्त्यावर बोलू.

डिचोली, सत्तरी, सांग्याकडे, खाणींच्या पट्ट्यात, गरज कुठली आणि चैन कुठली हे तर लोकांनी अंगावर काढलंय. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिज वाहणारा ट्रक म्हणजे पोटापाण्याचं साधन, बँका पण लोन द्यायला तयार, एक ट्रक असला की दुसरा पण लागणारच असं वाटायचं, घरात एसी, मुलाला बुलेट. 2012 ला खाणी बंद. मध्ये थोड्या सुरू झाल्या तोवर 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली, परत सगळं ठप्प. तोच ट्रक, तेच टायर, पण आता नुसता हप्ता खाणारा. तेव्हा कुठल्या घरात काय सुटलं आणि काय राहिलं ते मी बघितलंय. एसी बंद झाला, गाडी विकली, हॉटेलात जेवायला जाणं संपलं. मुलांची फी नाही सुटली. आणि चवथ (गणेशचतुर्थी) नाही सुटली. उसने पैसे आणून गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली, पाहुण्यांना नेवऱ्या (करंज्या) केल्या. कोणी म्हणेल कर्ज काढून सण कशाला, पण वर्षभर मान खाली घालून फिरलेल्या माणसाला ते दीड दिवस (काहींकडे पाच) भाताइतकेच लागतात, असं माझं मत, पटत नसेल तर सोडा.

दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर टुरिस्ट सेल्फी काढत उभे असतात, त्यांना ती मजा. बाजूला उभा असलेला माणूस घड्याळ बघत असतो, कारण त्याचा रस्ताच तो आहे.

खरी चैन बघायची असेल तर उत्तरेकडे या, बार्देशात. दिल्लीवाल्यांचे व्हिला, वर्षातले दोन आठवडे उघडे, बाकी बंद. तिळारी धरणाचा कालवा फुटला की आमच्या नळाला पाणी नाही, बायका कळशा घेऊन टँकरची वाट बघतात, आणि त्याच रस्त्याने दुसरा टँकर पुढे जातो, स्विमिंग पूल भरायला. त्याच गावात नवीन लग्न झालेलं जोडपं दोन खोल्या भाड्याने शोधत फिरतं, मिळत नाहीत, कारण मालक आता टुरिस्टना रोजच्या भावाने देतो. एकाच गावात एकाला घर लागतं वीकेंडसाठी आणि दुसऱ्याला राहायला.

पण चैनीवर पोस्ट पडते ती स्कूटरच्या हप्त्यावर. पूलवाल्याला कोण विचारणार, गेट बंद असतं आणि वॉचमन आत सोडत नाही.