पट्ट्याचे सातशे

रविवारी रात्री गाडीच्या मागच्या सीटवरची वाळू झटकताना हिशोब केला, तेव्हा कळलं की आमच्या कुत्रीची दोन रात्रींची सोय १४०० रुपयांना पडली. मी खाल्लेली सुरमई थाळी ४०० ची. म्हणजे माझ्या साडेतीन सुरमया ती नुसती झोपून आली. आणि खाल्लं काय, तर घरून डब्यात नेलेला दहीभात.

कुत्रीचं नाव खारी. वजन १८ किलो. रंग बेकरीतल्या खारीचा आणि स्वभावही तसाच, हात लावला की भुगा. आमच्या पार्किंगमध्ये पावसात सापडली, तेव्हापासून घर तिचं आहे आणि आम्ही हप्ते भरतो.

कुठे गेलो होतो ते सांगतो, कुणाकडे ते सांगत नाही. बायकोला परत जायचंय. श्रीवर्धन तालुका, समुद्राला लागून सुपारीची वाडी, वाडीत कौलारू घर आणि घराला मागून चिकटवलेल्या चार खोल्या. जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ असं पंजाच्या चित्रासकट लिहिलेलं. खरं तर आधी रेल्वेने रत्नागिरीचा बेत होता. पण कुत्रा शेजारी घेऊन जायचं तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे नाहीतर चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर लागते, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. त्या पेटीचा फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, “तू बस त्यात.” मग आमचीच गाडी, ताम्हिणी घाट, घाटात खारीच्या दोन ओकाऱ्या, माणगाव, म्हसळा आणि एकदाचा समुद्र.

मालकांनी हसतमुखाने स्वागत केलं आणि लॅमिनेट केलेला कागद हातात दिला. कुत्रा पलंगावर नको. झोपाळ्यावर नको. जेवणाच्या हॉलमध्ये नको. वाडीत नको, शिंपण चालू असतं. पडवीत नको, इतर गेस्ट बसतात.

“मग कुठे?”

“खोलीत चालेल की. बाथरूमच्या बाजूला.”

“आणि रात्रीचे ७०० कशाचे?”

“ते पेट फ्रेंडलीचे.”

इथवरही मी काही बोललो नसतो. पुण्यात कुत्रा पाळला की माणसाला ऐकून घ्यायची सवय होते. सोसायटीत लिफ्ट नको, बागेत फाटकावरच पाटी, ओळखीच्यांकडे ‘या ना, पण तिला नका आणू’. २०१५ मध्ये प्राणी कल्याण मंडळाने सोसायट्यांना कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं पत्रक काढलं होतं. त्याची झेरॉक्स मी सेक्रेटरींना दिली, तर त्यांनी ती मागच्या कोऱ्या बाजूसाठी ठेवून घेतली. तर ते असो.

पण संध्याकाळी जेवायला हॉलमध्ये गेलो आणि बघतो तर टेबलांखाली पाच कुत्री. पाचही गावठी. दोन तर रंगाने हुबेहूब खारी. एकाच्या कानाला नसबंदीची खाच. तो दाराच्या बरोबर मधोमध असा पसरलेला की वाढणारी मुलगी आमटीचं भांडं घेऊन त्याला ओलांडून जात होती, जसं काही तो उंबराच आहे. भिंतीवर ‘पाळीव प्राण्यांना आत मनाई’ अशी पाटी. पाटीच्या वर दत्ताची तसबीर, तिला ताज्या जास्वंदीचं फूल आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री. म्हणजे वर चार, खाली पाच. मनाई फक्त एकीला, आणि ती पंधरा पावलांवर बाथरूमशेजारी बसून हेल काढत होती.

तो आवाज ऐकूनच काका माझ्याकडे वळले.

काका ठाण्याचे, बँकेतून निवृत्त. वर बंडी, खाली बर्म्युडा, समोर बांगड्याचं तिखलं. ओळखपाळख काही नाही, थेट प्रश्न.

“ती तुमची का? चावते?”

“नाही हो काका.”

“मग पाळलीय कशाला?”

याला उत्तर नसतं. मी सोलकढीचा घोट घेतला.

“जात कोणती?”

“गावठी.”

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. “गावठी? आणि पुण्याहून गाडीत घालून आणलीत? अहो, कोकणात नारळ घेऊन आलात तुम्ही!” मग वळून, “अगं ऐकलंस का, यांनी गावठी कुत्रं आणलंय पुण्याहून.” काकूंनी ऐकलं होतं. पलीकडच्या टेबलावरच्या पनवेलकरांनी ऐकलं नसेल म्हणून त्यांनाही सांगितलं.

“नाव काय तिचं?”

“खारी.”

“मग टोस्ट घरी ठेवलाय वाटतं!” हाही विनोद तीन टेबलं फिरून आला. वाढणारी मुलगी हसली, याचं मला जास्त लागलं. दुपारी ती खारीशी खेळली होती.

मी उगाच म्हटलं, “देशी कुत्री पाळायला तर पंतप्रधानांनीही सांगितलंय. मन की बातमध्ये, ऑगस्ट २०२०.”

“ते मला नका सांगू, ते मी ऐकलंय. त्यांनी मुधोळ म्हटलं, राजपालयम म्हटलं. गावठी म्हटलं का? देशी वेगळं, गावठी वेगळं. देशीला तूप असतं.”

हे तुपाचं कुठून आलं मला अजून कळलेलं नाही. पण त्या क्षणी ते इतकं बिनतोड वाटलं की नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्या कुत्र्यामागे धावले, ते कुठल्या जातीचं होतं हे विचारायचं राहून गेलं. घाटात परतताना सुचलं. मला सगळं घाटात सुचतं.

“आणि सुप्रीम कोर्टाने तर उचलायलाच सांगितलीत,” काका म्हणाले.

“ते दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचं, काका. २०२५ साली, ११ ऑगस्टला. आणि तो आदेश २२ तारखेला बदलला.”

“अकरा दिवसांत?”

“हो.”

“बघा. म्हणजे त्यांनाही सुचेना.”

हे बोलता बोलता काकांनी बांगड्याचा काटा निगुतीने सोडवला, शेपटाकडचा मऊ तुकडा बोटांनी दाबून त्यातले बारीक काटे काढले, आणि टेबलाखालून हात नेऊन कानाला खाच असलेल्याच्या तोंडात ठेवला. पोटच्या नातवाला भरवावा तसा. त्याने तो गिळला आणि हनुवटी काकांच्या चपलेवर टेकली.

“काका, हा भटकाच ना?”

“हा?” काका खरोखर दुखावले. “हा इथलाच आहे. भटके तुम्ही. दीडशे किलोमीटर घाट उतरून आलात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खारीला किनाऱ्यावर नेलं. पट्टा हातात, खिशात पिशव्या. पट्टा मी सोडत नाही. त्या बाजूच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती उकरून खातात, हे खरं आहे. तेव्हा आंधळं प्राणिप्रेम मला नको. पण चित्र असं होतं : दोन जीपगाड्या ओल्या वाळूत गोल गोल फिरून मुलींचे व्हिडिओ काढत होत्या, बिअरच्या फुटक्या बाटल्या सुरूच्या झाडाखाली, हॉलमधली पाच कुत्री वाळूत मनसोक्त खड्डे खणत, आणि या सगळ्यातून मी एकटा हातात गाठ मारलेली काळी पिशवी प्रसादासारखी धरून चाललोय, कारण किलोमीटरभर कचऱ्याचा डबा नाही. समोरून आलेल्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “कुत्री आणतात आणि घाण करतात.” घाण माझ्या हातात होती हो! अख्ख्या किनाऱ्यावरची ती एकमेव उचललेली घाण होती. मी काही बोललो नाही. पिशवी धरून माणसाला बाणेदार बोलता येत नाही.

निघताना बिल आलं. खोली, जेवणं आणि खाली ‘एक्स्ट्रा पर्सन, दोन रात्री, १४००’.

“पर्सन?” मी विचारलं.

“कॉम्प्युटरमध्ये कुत्र्याचा रकाना नाही ना.”

इथे मात्र माझ्यातला पुणेकर जागा झाला. “एक्स्ट्रा पर्सनच्या दरात नाश्ता धरलेला असतो. तुमच्याच कागदावर आहे.”

मालकांनी कागद वाचला. उलटा करून पाहिला. मग आत जाऊन बशीत दोन घावन आणि ओल्या नारळाची चटणी आणली आणि गंभीरपणे अंगणात, खारीसमोर ठेवली. दोन दिवसांत ती प्रथमच अधिकृतपणे खोलीबाहेर जेवायला बसली होती. तिने घावनाला नाक लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. खाच-कान्या तोवर पोचला होता. दोन घासांत दोन घावन. चटणीसकट.

काका झोपाळ्यावरून बघत होते. उठून गाडीपर्यंत आले, खारीच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला, तिचा कान कुरवाळला. चावते का, हे विचारलं नाही.

“एक सांगू? राग नका मानू,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या वेळी गेटाच्या बाहेर गाडी थांबवा, पट्टा काढा आणि हिला आधी एकटीच आत सोडा. तुम्ही मागून पाच मिनिटांनी या. कोण विचारतंय?”

मला संताप आला. नियमाने वागणाऱ्या माणसाला या देशात असाच सल्ला मिळतो वगैरे मी माणगावपर्यंत बोलत होतो. लस टोचल्याचं कार्ड बरोबर नेतो, पिशव्या नेतो, पैसे मोजतो, आणि शहाणा कोण, तर तो खाच-कान्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. मागे खारी घोरत होती.

ताम्हिणीच्या पहिल्या वळणावर बायकोने मागे हात नेऊन पट्टा चाचपला.

“अरे,” ती म्हणाली, “याचा हूक जरा सैल झालाय, नाही का?”