अमेरिकेने गाडी स्वतःच्या मर्जीने निवडली म्हणे

एक पोस्ट सारखी शेअर होतेय, तिचा सारांश असा: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणसाने गर्दीचं शहर सोडलं, गाडी घेतली, मोकळं घर घेतलं, ते सगळं स्वतःच्या मर्जीने. सरकारचा काही हात नाही, ट्राम लोकांनाच नको होत्या, देश एवढा मोठा की गाडीशिवाय चालणारच नाही, आणि तक्रार कोणाचीच नव्हती. एकेक मुद्दा घेऊया, कारण आपल्याकडे रस्ते-मेट्रोच्या वादात हीच पोस्ट पुरावा म्हणून फेकली जाते.

"सरकारचा हात नाही." अहो, सगळा डोलाराच सरकारी हमीवर उभा होता! 1934 पासून केंद्र सरकार घरकर्जाला हमी देत होतं, 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना डाउन पेमेंटशिवाय कर्ज मिळायला लागलं, आणि ही हमी देताना झुकतं माप कोणाला तर शहराबाहेरच्या नव्या सुट्या घरांना, शहरातल्या जुन्या वस्त्या, त्यातही कृष्णवर्णीयांच्या, सरकारी नकाशावर लाल रंगवून धोकादायक ठरवलेल्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत 1947 ला लेव्हिटटाउन नावाची नवी वसाहत सुरू झाली, चारेक वर्षांत 17 हजारांवर घरं. 1949 चं मॉडेल 7,990 डॉलरला. पण सुरुवातीच्या करारातच लिहिलेलं की गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही. म्हणजे त्याच युद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला कर्जाचा हक्क कागदावर होता, घर नव्हतं. मग ही मर्जी नक्की कोणाची?

रस्त्यांचंही तेच. 1956 च्या कायद्याने 41 हजार मैलांचे हायवे ठरले आणि खर्चातला 90 टक्के वाटा केंद्राचा. "तो पैसा पेट्रोलवरच्या टॅक्समधून आला, गाडीवाल्यांनीच भरला" असं उत्तर येतं, ठीक आहे, पण तो फंड फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवलेला. महापालिकेने हायवे मागितला तर डॉलरमागे 90 सेंट वरून येणार आणि ट्राम टिकवायची म्हटली तर जवळपास काहीच नाही, अशा वेळी ती काय मागेल?

"ट्राम लोकांनाच नको होत्या." हे अर्धं खरं आहे. डबे जुने, गर्दी प्रचंड, लोक वैतागलेले. आणि जनरल मोटर्स या गाड्या-बस बनवणाऱ्या कंपनीने कट करून ट्राम मारल्या ही उलट बाजूची गोष्टसुद्धा अर्धीच आहे, 1949 ला कंपनी दोषी ठरली ती बस आणि त्यांना लागणाऱ्या इंधन-टायरसारख्या मालाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल. खरा घोळ हिशेबात होता. ट्राम कंपन्या खासगी, भाडं बऱ्याच शहरांत करारानेच वर्षानुवर्षं 5 सेंटला अडकवलेलं, शिवाय रुळांमधला रस्तासुद्धा त्यांनीच नीट ठेवायचा, आणि त्याच रस्त्यावर गाड्या फुकट धावून ट्राम अडवणार. असा धंदा कोणाचाही बुडेल.

"देश मोठा आहे." दूध आणायला कोणी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जात नाही. रोजचं अंतर वाढवलं झोनिंगने, म्हणजे कुठे फक्त घरं आणि कुठे दुकानं हे ठरवणाऱ्या नियमांनी, 1926 ला सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली आणि मग घरांच्या भागात किराण्याचं दुकान काढणंच बेकायदा. पन्नाशीच्या दशकात नवरा गाडी घेऊन कामाला गेला की बायको दिवसभर अडकलेली, म्हणून दुसरी गाडी आली, ती चैन नव्हती. आजही पुण्याहून न्यू जर्सीला मुलाकडे आलेल्या आईबाबांना विचारा, कित्येक कॉलन्यांत साधा फुटपाथ नाही, देवळात जायचं तरी शनिवारची वाट बघायची. गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला तिथे स्वातंत्र्य आहे असं मला तरी कोणी सांगू नये.

राहिलं "तक्रार कोणाचीच नव्हती". सॅन फ्रान्सिस्कोत लोकांनी एवढा विरोध केला की 1959 ला नगरमंडळाने ठरलेल्या 10 पैकी 7 फ्रीवे, म्हणजे शहरातून जाणारे हायवे, रद्द केले. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातल्या राँडो या कृष्णवर्णीय वस्तीतले लोकही भांडले होते, पण तिथे हायवे वस्तीच्या मधूनच गेला आणि शेकडो कुटुंबांची घरं पाडली गेली.