टॉम विल्सला ‘जनक’ म्हणणं थांबवू या का?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या फुटबॉल प्रकाराच्या, गप्पांमध्ये टॉम विल्सचं नाव निघालं की ‘खेळाचा जनक’ ही पदवी लगेच चिकटवली जाते. मला ती पटत नाही. बराच काळ हा मान त्याच्या नात्यातल्या एच. सी. ए. हॅरिसनकडे होता, म्हणजे पदवी तशी फिरतीच आहे. विल्सचं खरं मोठेपण नियम लिहिण्यात कमी आणि लिहिलेल्या नियमांमध्ये काय सुटलंय हे ओळखण्यात जास्त होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म 1835 चा, न्यू साउथ वेल्समधला. बालपण पश्चिम व्हिक्टोरियात, ग्रॅम्पियन्स डोंगरांजवळच्या मेंढपाळीच्या मुलखात, तिथल्या जॅब वुरुंग या आदिवासी लोकांच्या मुलांबरोबर खेळण्यात गेलं. त्यांची भाषा त्याला येत होती. 1850 मध्ये वडिलांनी त्याला इंग्लंडमधल्या रग्बी स्कूलमध्ये घातलं, तिथे तो क्रिकेट संघाचा कप्तान झाला. 1856 च्या अखेरीस तो मेलबर्नला परतला तेव्हा वसाहतीतला सर्वांत चमकदार क्रिकेटर होता. मेलबर्न क्रिकेट क्लबचा सचिवही झाला, पण दफ्तराचा असा काही गोंधळ करून ठेवला की पुढच्यांना निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

10 जुलै 1858 रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या वृत्तपत्रात त्याचं पत्र छापून आलं. मुद्दा व्यवहाराचा होता: हिवाळ्यात क्रिकेटर सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा आणि नियम करायला एक समिती नेमा. म्हणजे या खेळाची सुरुवात क्रिकेटरांच्या तंदुरुस्तीच्या काळजीतून झाली! पुढच्याच महिन्यात, 7 ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांचा सामना सुरू झाला. दोन्हीकडे 40-40 खेळाडू, पंच विल्स आणि डॉ. जॉन मॅकॅडम. तीन शनिवार खेळूनही एक-एक गोल, सामना अनिर्णित.

लिखित नियम आले 17 मे 1859 ला. मेलबर्न फुटबॉल क्लबची बैठक, विल्ससोबत हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ. विल्सने रग्बीचे नियम सुचवले, पण ते त्याच्याशिवाय कुणाला कळतच नव्हते, असं हॅमर्स्लीने पुढे लिहून ठेवलंय. शेवटी ठरले ते दहा सुटसुटीत नियम. कुणाच्याही पायावरून आलेला चेंडू थेट झेलला तर ‘मार्क’ पुकारायचा आणि फ्री किक घ्यायची. पाय घालून पाडणं आणि ढकलणं चालेल, पण नडगीवर लाथा घालणं, ज्याला हॅकिंग म्हणत, ते बंद. कारण उघड आहे: शाळेतली पोरं लंगडत वर्गात बसू शकतात, पोटापाण्याला लागलेल्या माणसाला सोमवारी कामावर जायचं असतं आणि मेलबर्नची जमीनही कडक. चेंडू हातात घ्यायचा तो झेलून किंवा टप्प्यावर, जमिनीवरून उचलायचा नाही. आणि फेकायचा तर मुळीच नाही.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फेकायला बंदी कायम राहिली म्हणूनच आजचा खेळाडू एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसतो. नवख्या प्रेक्षकाला तो विचित्र चाळा वाटतो, पण त्याचं मूळ त्या दहा ओळींत आहे. चेंडू हातात घेऊन पळताना तो ठरावीक अंतराने जमिनीवर आपटायचा, हे मात्र नंतरचं, 1866 च्या सुधारित नियमांतलं. हॅरिसन भन्नाट पळायचा, त्याच्यासारख्यांना लगाम घालायचा तो उपाय.

आता त्या दहा नियमांत काय नव्हतं ते बघा. ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या पुढे जाऊन उभं राहायला मनाई, नव्हती! तरीही सवयीने सगळे चेंडूभोवती घोळका करून झटत राहायचे, कारण बहुतेकांच्या अंगात शाळेचे जुने खेळ मुरलेले. 1860 मध्ये रिचमंड क्लबचा कप्तान म्हणून विल्सने आपली माणसं गोलच्या दिशेने पुढे पेरून ठेवली आणि किकमागून किक मारत चेंडू घोळक्याच्या डोक्यावरून पुढे नेला. नियमात कुठेच मनाई नव्हती, फक्त कुणाला सुचलं नव्हतं. पुढे जिलाँगकडून खेळताना, वारा विरुद्ध असताना, त्याने अख्खा संघ बचावात कोंबून प्रतिस्पर्ध्यांना गोल करूच दिले नाहीत. आज याला फ्लडिंग म्हणतात आणि समालोचक त्यावर अजूनही नाकं मुरडतात.

जॅब वुरुंगांचा मार्नग्रूक हा चेंडूचा खेळ पाहून विल्सने हा खेळ बेतला का, यावर ऑस्ट्रेलियात बरीच भांडणं झाली. लहानपणी त्याने तो खेळ पाहिला असणं अगदी शक्य आहे, पण त्याच्या पत्रांत किंवा नियमांच्या चर्चेत मार्नग्रूकचा उल्लेख सापडत नाही. मी इथे ‘शक्य’ या शब्दापुढे जाणार नाही.

मधली वर्षं भयंकर गेली. 17 ऑक्टोबर 1861 ला क्वीन्सलंडमधल्या कलिन-ला-रिंगो इथे त्याच्या वडिलांसह 19 जण आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. टॉम सामान आणायला गेलेला म्हणून वाचला. सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी जास्त आदिवासी मारले. आणि हाच माणूस पाच वर्षांनी पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेट संघाचा कप्तान-प्रशिक्षक होता. आपण बॉक्सिंग डे कसोटीसाठी पहाटे उठून टीव्ही लावतो ना, त्याच एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, 1866 च्या बॉक्सिंग डेला हा संघ मेलबर्न क्रिकेट क्लबशी खेळला. त्यातले बरेच जण 1868 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले, पण तेव्हा कप्तान चार्ल्स लॉरेन्स होता. पुढे विल्स दारूत बुडाला. 2 मे 1880 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी, दारू सुटताना येणाऱ्या भ्रमाच्या अवस्थेत मेलबर्नजवळच्या हायडलबर्गला त्याने स्वतःचा जीव घेतला.

एमसीजीबाहेर त्याचा पुतळा आहे, 1858 च्या शाळकरी सामन्यात पंचगिरी करतानाचा. शिल्प छान आहे, पण प्रसंग चुकला असं माझं मत. त्या सामन्यापर्यंत हे दहा नियम लिहिलेलेच नव्हते. मला विचारलं असतं तर मी 1860 चा रिचमंडचा कप्तान उभा केला असता, घोळक्यातल्या गड्यांना पुढे पिटाळणारा. तुम्ही कोणता प्रसंग निवडला असता?