वाय-फाय तुटण्यामागे मॉनिटर असू शकतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डावरील छोट्या संगणकाच्या पडद्याच्या आणि वाय-फायच्या अडचणींविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मॉनिटरचे रेझोल्यूशन कमी केल्यावर वाय-फाय परत येते हे विधान आपल्याला अशास्त्रीय वाटते. चार्जरवर ‘३ अँपिअर’ असे स्पष्ट छापलेले असताना वीजपुरवठ्यावर एवढी पाने खर्च करण्याचे कारण आपल्याला दिसत नाही. आणि मी दिलेल्या कॉन्फिगच्या ओळी आपल्या बोर्डावर मुळीच चालल्या नाहीत, त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायला सांगितले असते तर आपली एक संध्याकाळ वाचली असती, असे आपण म्हटले आहे. तिसऱ्या आक्षेपाचा पहिला भाग पूर्णपणे बरोबर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लेखात मी कॉन्फिग.टीएक्सटी या बोर्डाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एचडीएमआय ग्रुप, एचडीएमआय मोड आणि फोर्स हॉटप्लग या तीन नोंदी करायला सांगितल्या होत्या. पडद्याचा कारभार बोर्डाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच असलेले मूळ सॉफ्टवेअर, सांभाळत असे त्या काळात या नोंदी उपयोगी होत्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या, रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुल्सआय आवृत्तीपासून मात्र हा कारभार लिनक्स कर्नलमधील (सिस्टिमच्या गाभ्यातील) केएमएस या पडद्याच्या ड्रायव्हरकडे गेला, आणि कर्नलने पडदा ताब्यात घेतल्यानंतर त्या जुन्या नोंदींना काही अर्थ उरत नाही. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरमधील बुकवर्म आवृत्तीत या फाइलची जागाही बदलली : ती आता बूटच्या आतील फर्मवेअर या फोल्डरमध्ये असते आणि जुन्या जागी केवळ ‘ही फाइल हलवली आहे’ असे सांगणारी सूचना उरली आहे. आपण त्या सूचनेखालीच माझ्या ओळी लिहिल्या असतील, तर बोर्डाने त्या वाचल्याच नाहीत. हीच गत डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या, म्हणजे वाय-फायचे नाव व पासवर्ड ठेवणाऱ्या फाइलची. बोर्डाच्या मेमरी कार्डाच्या बूट विभागात ती ठेवली की वाय-फाय आपोआप जोडले जाते हा सल्ला बुकवर्मपूर्वीचा आहे. बुकवर्ममध्ये जोडणीचे काम नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम करतो आणि तो या फाइलकडे पाहत नाही. लेख लिहिताना कोणता सल्ला कोणत्या आवृत्तीला लागू आहे हे मी नोंदवायला हवे होते. ते न नोंदवल्यामुळे आपला वेळ गेला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

आजच्या प्रणालीत रेझोल्यूशन सक्तीने ठरवायचे असेल तर ते सीएमडीलाइन.टीएक्सटी या फाइलमध्ये ठरवावे लागते. तिथे ‘व्हिडिओ’ या नावाची एक नोंद करायची असते : बरोबरच्या चिन्हापुढे एचडीएमआय-ए-१ हे जोडणीचे नाव, अपूर्णविरामानंतर १९२० गुणिले १०८० हे माप, पुढे ॲटच्या चिन्हासह ६० हा आकडा, आणि पडदा सापडला नाही तरी सिग्नल चालू ठेवावा यासाठी अगदी शेवटी इंग्रजी मोठ्या लिपीतील डी (D) हे अक्षर. ही सगळी फाइल एकाच ओळीत असावी लागते. सवयीने एन्टर दाबून नवी नोंद खालच्या ओळीवर लिहिली तर तिचा उपयोग होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मॉनिटरचा आणि वाय-फायचा काही संबंध नाही, एक तारेवर चालतो आणि दुसरे हवेतून, असे आपण लिहिले आहे. मला हे मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण साध्या गुणाकारातून दाखवता येते. २५६० गुणिले १४४० या रेझोल्यूशनचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा पाठवायचे म्हटले की दिसणाऱ्या बिंदूंखेरीज कडेच्या न दिसणाऱ्या रिकाम्या जागेचे बिंदूही मोजावे लागतात. प्रचलित मांडणीत ते सगळे मिळून आडवे २७२० आणि उभे १४८१ होतात. यांचा गुणाकार करून त्याला ५९.९५ ने गुणले की सुमारे २४१.५ मेगाहर्ट्झ हा आकडा मिळतो, आणि तोच त्या एचडीएमआय केबलमधील घड्याळाचा वेग असतो. कोणत्याही डिजिटल घड्याळाचा सिग्नल फक्त स्वतःच्या वारंवारतेवर थांबत नाही, त्याच्या पूर्णांक पटींवरही थोडी ऊर्जा सांडत असते. २४१.५ ची दहापट म्हणजे २४१५ मेगाहर्ट्झ. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ वर आहे आणि तो साधारण २४०२ ते २४२२ पर्यंत पसरलेला असतो. म्हणजे केबलमधून आणि तिच्या जोडणीतून गळणारा आवाज पहिल्या चॅनेलच्या जवळजवळ मध्यावर येऊन पडतो. पाय ४ हा बोर्ड २०१९ च्या जूनमध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक वापरकर्त्यांनी नेमक्या याच रेझोल्यूशनवर वाय-फाय नाहीसे होत असल्याचे नोंदवले. ते योगायोगाने घडत नव्हते.

हाच हिशेब १९२० गुणिले १०८० साठी करून पाहा. तिथे घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्झचे असते, त्याची सोळापट २३७६ आणि सतरापट २५२४.५ होते. एक पट्ट्याच्या अलीकडे पडते, दुसरी पलीकडे, मधल्या २४०० ते २४८३.५ या भागात एकही येत नाही. म्हणूनच रेझोल्यूशन बदलल्याबरोबर वाय-फाय परत येते.

आपला लॅपटॉप त्याच टेबलावर, त्याच राउटरला व्यवस्थित जोडला जातो आणि म्हणून दोष सॉफ्टवेअरचाच असला पाहिजे, असा आपला युक्तिवाद आहे. वरवर तो पटण्यासारखा आहे, परंतु त्यात अंतराचा विचार नाही. बोर्डावरील अँटेना एचडीएमआयच्या जोडणीपासून काही सेंटिमीटरवर आहे, लॅपटॉप मात्र हातभर लांब. ढोबळ हिशेबाने अंतर वीसपट झाले की सिग्नलची तीव्रता चारशेपटींनी घटते. बोर्डाला बहिरे करणारा आवाज लॅपटॉपपर्यंत पोहोचेपर्यंत नगण्य झालेला असतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका. बोर्डाला नेटवर्क केबल लावा, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिन करून, आत शिरा आणि परिसरातील वाय-फाय नेटवर्कांची यादी मागवा. मग मॉनिटरची केबल बोर्डापासून काढा आणि तीच यादी पुन्हा मागवा. पहिल्या यादीत नसलेले किंवा फारच क्षीण दिसणारे आपले नेटवर्क दुसऱ्या यादीत ठळकपणे आले, तर कारण सापडले. त्यानंतर उपाय निवडायला वाव आहे. राउटरवर चॅनेल ११ घेतला तर त्याचा मध्य २४६२ वर असल्याने तो त्या आवाजापासून दूर राहतो. पाय ४ ला ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय चालते, आणि ते शक्य असेल तर मी तेच सुचवीन, कारण रेझोल्यूशन सोडावे लागत नाही. अधिक चांगल्या आवरणाची केबलही पुष्कळदा फरक पाडते. यादीत काहीच फरक पडला नाही, तर माझा अंदाज आपल्या बाबतीत चुकला आहे असे समजून पुढच्या कारणाकडे जावे लागेल.

आपल्या प्रतिक्रियेत एक उल्लेख ओझरता आला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. आपण निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टला एसएसडी (साठवणीची डिस्क) जोडली आहे. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात रुंद आवाज पसरतो हे इंटेलने २०१२ सालीच एका तांत्रिक निबंधात मोजून दाखवले आहे. एचडीएमआयच्या पटीसारखा हा आवाज एखाद्या चॅनेलपुरता मर्यादित नसतो, त्यामुळे चॅनेल बदलून तो टळत नाही. एसएसडी थोड्या लांब आणि चांगल्या आवरणाच्या केबलने बोर्डापासून दूर ठेवणे किंवा ५ गिगाहर्ट्झवर जाणे हेच दोन खात्रीचे मार्ग आहेत. मॉनिटरची चाचणी घेताना एसएसडी काढून ठेवावी, नाहीतर दोन कारणे एकमेकांत मिसळतील आणि निष्कर्ष फसवा निघेल. बोर्ड बंद धातूच्या पेटीत असेल तर चाचणीपुरता तोही बाहेर काढावा. अँटेना बोर्डाच्याच पृष्ठावर असल्याने तशा पेटीत वाय-फाय मुळातच अशक्त होते.

वीजपुरवठ्याविषयी मी एवढे का लिहिले, याचेही उत्तर देणे माझे काम आहे. चार्जरवरचा ३ अँपिअर हा आकडा खरा असू शकतो, पण तो कोणत्या व्होल्टेजचा आहे हे पाहावे लागते, कारण मोबाईलचे अनेक जलद चार्जर तो आकडा ९ व्होल्टसाठी छापतात आणि पाय ४ फक्त ५ व्होल्टवर चालतो. त्याहूनही दुर्लक्षित राहते ती केबल. समजा, केबलच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून विरोध ०.१५ ओहम आहे आणि बोर्ड २.५ अँपिअर प्रवाह घेत आहे, तर केबलमध्येच ०.३७५ व्होल्ट खर्च होतात आणि चार्जरने अचूक ५ व्होल्ट दिले तरी बोर्डाच्या तोंडाशी ४.६२५ उरतात. बोर्ड ज्या पातळीखाली कमी व्होल्टेजची तक्रार करतो ती ४.६३ आहे. चार्जर निर्दोष, बोर्ड निर्दोष, आणि तरीही अडचण उभी राहते. माझ्याकडे एका जुन्या, लांब केबलने अनेक आठवडे हेच केले. स्थिर बसलेल्या बोर्डावर सगळे ठीक दिसे, आणि एसएसडीवर मोठी फाइल लिहायला घेतली की पडदा क्षणभर काळा पडे. चूक शोधायला मला इतका वेळ लागला, म्हणूनच लेखात त्या भागाची लांबी वाढली.

अंदाज करत बसण्याची इथे गरज नाही. टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडी ही आज्ञा गेट-थ्रॉटल्ड या शब्दासह दिली की एक आकडा मिळतो. तो निव्वळ शून्य असेल तर बोर्ड सुरू झाल्यापासून व्होल्टेज एकदाही घसरलेले नाही आणि माझा वीजपुरवठ्याचा सगळा भाग आपण खुशाल सोडून द्या. शून्य-एक्सनंतर ५०००० आले तर व्होल्टेज मध्येच केव्हातरी घसरून गेले आहे आणि त्यापायी बोर्डाने आपला वेगही कमी केला होता. ५०००५ आले तर या दोन्ही गोष्टी आत्ता, त्या क्षणी चालू आहेत. आपण ‘कोपऱ्यात विजेचे चिन्ह कधी दिसले नाही’ असे लिहिले आहे, पण ते चिन्ह क्षणभरच दिसते आणि पडदा काळा असताना तर दिसणारच नाही. हा आकडा मात्र बोर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत टिकून राहतो.

मॉनिटर जुना आहे आणि मध्ये एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आहे, हेही आपण सांगितले आहे. वेगळी वीज न घेणारा असा कन्व्हर्टर एचडीएमआयच्या जोडणीतून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर जगतो, आणि ते ५ व्होल्ट बोर्डाच्याच पुरवठ्यातून येतात. त्यामुळे पडद्याचे लुकलुकणे आणि वीजपुरवठा हे आपल्याकडे दोन विषय नसून एकच विषय असण्याची शक्यता मला बरीच वाटते. असा कन्व्हर्टर असताना १४४० चे रेझोल्यूशन खरोखर चालू आहे का, हेही केएमएसप्रिंट ही आज्ञा देऊन तपासावे. ते १०८० किंवा त्याहून कमी निघाले तर वर केलेला सगळा गुणाकार आपल्याला लागू होत नाही आणि संशय एसएसडी व केबलकडे जातो. केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टात, म्हणजे शून्य क्रमांकाच्या पोर्टात, पूर्ण आत बसली आहे याचीही खात्री करावी. ही छोटी जोडणी अर्धवट बसली तरी चित्र येत राहते आणि धक्का लागला की जाते.

वाय-फायच्या दोन किरकोळ गोष्टी. देशाचा कोड निवडलेला नसेल तर प्रणाली आरएफकिल या सॉफ्टवेअरमधील बटणाने वाय-फाय बंदच ठेवते. आणि कोड चुकीच्या देशाचा असेल तर राउटर १२ किंवा १३ या चॅनेलवर असताना त्याचे नाव यादीत येतच नाही, कारण काही देशांत ते चॅनेल वापरले जात नाहीत.

आता राहिला नव्याने सिस्टिम टाकण्याचा सल्ला. तो मी जाणूनबुजून दिला नव्हता. नव्या सिस्टिमबरोबर ड्रायव्हर, रेझोल्यूशन, देशाचा कोड, नेटवर्कची मांडणी असे सगळे एकाच वेळी बदलते. अडचण गेली तरी ती कशाने गेली हे कळत नाही, आणि केबल किंवा कन्व्हर्टर दोषी असेल तर ती चार दिवसांनी परत येते. आपण दोनदा कार्ड पुसून पाहिले आणि दोन्ही वेळा अडचण परत आली, हे आपल्याच प्रतिक्रियेत आहे. सुरू होताना इंद्रधनुषी चौकोन येऊन बोर्ड तिथेच अडकत असेल तर गोष्ट वेगळी : तिथे कर्नलच सापडत नसतो आणि कार्डावर संशय घेणे योग्य ठरते. एरवी जुने कार्ड तसेच जपून दुसऱ्या कार्डावर कोरी सिस्टिम टाकावी आणि केबल, चार्जर, मॉनिटर यांना हात न लावता दोन्ही कार्डे आलटून पालटून लावून पाहावीत. दोन्हींवर एकसारखीच अडचण आली तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवता येते.

लेखातील पडद्याच्या नोंदींचा आणि वाय-फायच्या फाइलचा भाग मी आज नव्याने लिहिला आहे, आणि प्रत्येक सल्ल्यापुढे तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे नमूद केले आहे. आपल्याकडून मला चार गोष्टी हव्या आहेत : गेट-थ्रॉटल्डने दिलेला आकडा, केएमएसप्रिंटने दाखवलेले रेझोल्यूशन, राउटरचा चॅनेल, आणि एसएसडी काढून मॉनिटरच्या केबलसह व केबलविना घेतलेल्या नेटवर्कांच्या दोन याद्या. त्या इथेच खाली लिहिल्यात तर कोणते कारण उरते ते आपण दोघे मिळून पाहू.