थेटरात कसं बसावं

कलापुरात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, राहता आणि पिक्चर गुपचूप बघून येता? मूकपटांच्या जमान्यातल्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. अशा गावच्या प्रेक्षकाकडून काहीतरी भरीव व्हायला हवं.

पहिल्यांदा शिट्टी सोडा. पिटातली शिट्टी, उधळलेली चिल्लर हिरोच्या एन्ट्रीला यायची आणि तो बोलायला लागला की थांबायची. म्हणजे पिक्चरकडे लक्ष ठेवणं आलं. तो जाच कशाला?

तिकीट रांगेच्या मधलं काढा आणि दिवे गेल्यावर १० मिनिटांनी शिरा, तेही लांबच्या टोकानं. १३ जणांचे २६ गुडघे ओलांडायला मिळतात. पायात विंचू, म्हणजे चालताना वाजणारा तुकडा, घातलेली कोल्हापुरी चप्पल असेल तर पडद्यावरच्या शांततेतही करकर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

खाण्यात पॉपकॉर्न घेऊ नका. कागदी पुडा, मऊ दाणा, आवाज नाही. चुरमुऱ्याचं प्लास्टिकचं पाकीट आणा आणि हळूहळू फोडा. टर्रकन फाडलं तर एका सेकंदात संपतं. हळू फोडल्यानं त्यातला एकेक कडाका जराही बारीक होत नाही, कार्यक्रम तेवढा लांबतो. आणि लोक तुम्हाला समजूतदार समजतात.

मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण ठेवा. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, ती कमाई तुम्ही एका नोटिफिकेशनमध्ये उधळू शकता. मांडीवर धरलात तर शेजारचे दोघंच हैराण होतील. खांद्याच्या उंचीला धरा. मागच्या रांगा पायरीपायरीनं वर असतात, सगळ्यांची सोय होते. एन्ट्री स्टेटसला टाकायचा मोह होईलच. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थेटरात चोरून शूटिंग केल्यास किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे. स्टेटस मात्र २४ तासांत जातं.

फोन आला तर घ्याच. "हां भावा, पिक्चरात हाय. न्हाय न्हाय, काय न्हाय, बोल की!" संवादाचा मुख्य स्पीकर पडद्याच्या मागं असतो, पडद्याच्या बारीक भोकांतून आवाज येतो. तुम्ही मात्र पुढच्याच्या कानापासून दीड फुटावर. त्या स्पीकरची काय टाप आहे? फोन नसेल तर शेजाऱ्याला पुढची गोष्ट सांगा. त्यानं आधी पिक्चर बघितला असला तरी सांगा.

क्लायमॅक्सला उठा, पार्किंगमधून गाडी पहिली निघाली पाहिजे. एक चप्पल तेवढ्यात उतारावरून पुढच्या रांगेखाली गेलेली असेल. टॉर्च लावा, वाका, आणि हिरो मरत असताना पुढच्या बाईंना विचारा, "वहिनी, जरा पाय उचलता का?"