बॅजच्या मागे बघा

तिकीट क्यूआर कोडात, क्यूआर कोड ईमेलमध्ये, ईमेल इंटरनेटवर आणि डेव्हलपर कॉन्फरन्स तळघरात. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या बेसमेंट ऑडिटोरियमसमोर, शनिवारी सकाळी नऊ वाजता, डोक्यावर दोन मजल्यांचं काँक्रीट घेऊन आम्ही रांगेत उभे. मोबाईलच्या कोपऱ्यात रेंजच्या जागी फुली. टेबलामागे थर्ड इयरचा एक सज्जन मुलगा.

"सर, क्यूआर."

"मेल उघडत नाहीये. रेंज नाही इथे."

"वायफाय आहे ना, सर."

"पासवर्ड काय?"

"बॅजच्या मागे छापलाय."

"मग बॅज दे."

"क्यूआर स्कॅन केल्याशिवाय बॅज नाही देता येत, सर."

त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणाचा लवलेश नव्हता, आणि त्याचाच जास्त राग आला. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

याला डेडलॉक म्हणतात. तो व्हायला चार अटी एकदम जमून याव्या लागतात, हे कॉफमन नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातलं न सोडता लोक दुसऱ्याची वाट बघतात, कुणाकडून काही हिसकावून घेता येत नाही आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारातली एक अट मोडली की गाठ सुटते. रांगेतल्या प्रत्येकाने हे इंटरव्ह्यूत घडाघडा म्हणून दाखवून नोकरी मिळवलेली होती. तरी सगळे मोबाईल हवेत धरून उभे. मागचा एकजण मात्र, "स्क्रीनशॉट काढून ठेवायचा असतो," एवढं बोलून गप्प झाला. असा माणूस प्रत्येक रांगेत असतो आणि तो नेमका आपल्याच मागे असतो. क्यूआरमध्ये सर्वात वरच्या पातळीचं एरर करेक्शन ठेवलं, तर साधारण ३० टक्के कोड खराब असला तरी वाचता येतो. म्हणजे स्क्रीन फुटली असती तरी चाललं असतं. उघडलाच नाही, तर कोण काय करणार?

एवढ्यात जिन्यापाशी नोंदवही घेऊन बसलेले वॉचमन मामा उठले.

"काय झालं सायेब? वायफायचा पासवर्ड पायजे का? अवो, ज्येला बॅज भेटलाय त्येचा उलटा करून बघा की!"

संपलं. पहिली अट खलास. नुसतं वाचायचं असेल तर वस्तू ताब्यात घ्यावी लागत नाही, लॉकही लागत नाही. आत निघालेल्या एका बाईंना थांबवून, त्यांच्या परवानगीने, चारपाच बाप्यांनी त्यांचा बॅज उलटा केला आणि शून्य आहे की 'ओ' यावर तिथल्या तिथे एक छोटी चर्चा झडली.

वायफाय जोडलं. एक पान उघडलं. पान म्हणालं, मोबाईल नंबर टाका, ओटीपी पाठवतो.

"ओटीपी मागतंय ना?" मामांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "तिसऱ्या पायरीवर जावा. खिडकीकडं तोंड करा. चौथीवर नाय येत, खांब आडवा येतो."

"तिथे रेंज असेल तर मेलच उघडतो की, मामा."

"नेट नाय येत. मेसेज येतो निस्ता."

हे मात्र तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. एसएमएस सिग्नलिंगच्या वाटेने जातो, इवलासा असतो, एक दांडी असली तरी पोचतो. डेटाला ती दांडी पुरत नाही.

"पण तिसऱ्या पायरीवर वायफाय पोचत नाही."

"मंग ओटीपी आला की पळत खाली यायचं. दोन मिन्टं अस्त्यात. हेल्मेट ठिवा हितं, नंबर मी धरतो."

आणि खरोखर, रांगेत माणसांच्या जागी सात-आठ हेल्मेटं ओळीने उभी होती आणि त्यांचे मालक तिसऱ्या पायरीवर, एकेक करून, खिडकीकडे तोंड करून. मामा वरून पुकारत होते, "झालं का? उतरा. फुडचं." एवढी चोख शेड्युलिंग आतल्या एकाही टॉकमध्ये बघायला मिळाली नाही.

राग याचा आहे की हे सगळं पाच रुपयांत टळलं असतं. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात पासवर्ड, दाराला चिकटवलेला. किंवा चेक-इनच्या ॲपमध्ये नावाने शोधायचं. ही सोय बहुतेक ॲपमध्ये असते, फक्त यादी आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवावी लागते. त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला मिळणार काय, तर एक टी-शर्ट आणि जेवणाचं कूपन. त्याच्यावर तरी काय ओरडणार.

आत गेल्यावर वायफायचं जे व्हायचं तेच झालं. राउटर घरगुती बेताने लावलेला, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक याप्रमाणे वाटायला २५४ आयपी पत्ते, त्यातला एक त्याचा स्वतःचा. माणसं तीनशेच्या आसपास, प्रत्येकाचा लॅपटॉप आणि फोन, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास परत येत नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत कोठार रिकामं. रेंज पूर्ण, पत्ता नाही. नेटवर्कचा आकार स्लॅश २४ ऐवजी स्लॅश २२ ठेवला तर १,०२२ पत्ते मिळतात, आणि लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, तासाभराची केली तर सोडून गेलेल्यांचे पत्तेही परत येतात. हे दोन आकडे बदलायला पाच मिनिटं पुरे.

दुपारी डॉकरचं वर्कशॉप. डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका पेटीत बांधायचा, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर सारखाच चालतो. या पेटीला इमेज म्हणतात आणि ती डॉकर हब या कोठारातून उतरवून घेण्याला पुल. साठ जण, प्रत्येकी तीन इमेज, म्हणजे १८० पुल, आणि अख्खं सभागृह एकाच पब्लिक आयपीमागे, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच. लॉगिन न करता डॉकर हबवरून एका आयपीला सहा तासांत १०० पुल मिळतात. ही मर्यादा २०२० पासून आहे, गुपित नाही. मागच्या अर्ध्या रांगांना ४२९ एरर, म्हणजे 'फार वेळा मागितलंत'. आदल्या दिवशी मेल करून सगळ्यांना लॉगिन करायला सांगावं, नाहीतर इमेज 'डॉकर सेव्ह' करून चार पेनड्राइव्ह फिरवावेत. वक्ते मात्र स्क्रीनकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे तर चालतंय." ज्या वाक्याचा नायनाट करायला डॉकर जन्माला आलं, ते वाक्य, डॉकरच्याच वर्कशॉपमध्ये, माईकवरून.

दिवसभरात विनातक्रार चाललं ते एकच नेटवर्क, स्पॉन्सरच्या स्टॉलवरचं. ते स्वतःचं फोरजी राउटर घेऊन आले होते, वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी. स्टिकर हवा? बॅज स्कॅन करा. बाटली हवी? बॅज स्कॅन करा. तिथे कोड एका फटक्यात वाचला जातो, अंधारात, तिरका, कढी सांडलेला असला तरी. सोमवारी सकाळी, ऐन टीमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये, फोन.

"सर, आपण आमच्या क्लाउड मायग्रेशन सोल्यूशनमध्ये इंटरेस्ट दाखवला होता."

इंटरेस्ट स्टिकरमध्ये होता. तोही लॅपटॉपला नीट चिकटत नाही, एक कोपरा सारखा सुटतोय.